सावलीची पाचर

ऑक्टोबर. दुपारचे तीन पस्तीस.
पाऊस गेला, असं आम्हीच जाहीर करून चार दिवस झालेत
आणि कर्जतच्या वर, घाटाच्या कडेला,
पडद्यावर हिरवा ठिपका.
तिळाएवढा.

कुलाब्याच्या गच्चीवर, पांढऱ्या घुमटाआड परात फिरतेय.
लोकांना वाटतं रडार बघतं.
बघत नाही, हाक मारतं.
पापणी लवायच्याही कितीतरी आत संपणारी हाक,
आणि मग त्याच्या हजारपट वेळ गप्प राहून
ऐकत राहतं, कोण ओ देतंय.
थेंब ओ देतात. गारा तर ओरडतात.
आमच्या घरात असं ऐकणारं कोणी असतं तर,
असं तेवीस वर्षांत एकदाच मनात आलं.
तेवढ्यात पुढची फेरी आली.

तीन पंचेचाळीस. तिळाचं जांभूळ झालंय, मधे पिवळं.
माथा दहा मिनिटांत चार किलोमीटर वर.
तोंड तळोज्याकडे.

जे हलत नाही ते पडद्यावरून पुसायचं, हा नियम.
माथेरान पुसलं. कर्नाळ्याचा अंगठा पुसला.
इमारती मात्र पुसून भागत नाही,
त्यांच्या पाठीमागचं ऐकूच येत नाही.
परळच्या टॉवरांमागे
काळी पाचर ठोकलेली आहे आमच्या नकाशात,
दर वर्षी थोडी रुंद होणारी.
वरच्या कोनातून तिथल्या ढगाचा माथा दिसतो,
पोट दिसत नाही.
माझं घर त्या पाचरीत. कुर्ल्याला.

चार वाजता तुर्भे, लाल.
मी इशारा टाईप करते:
पुढील तीन तासांत तुरळक ठिकाणी मेघगर्जना, सोसाट्याचा वारा.
तुरळक.
या नावाच्या गल्लीत कोणी राहत नाही.

सनातन बेहेरा एकावन्नाव्या मजल्याच्याही वर
काचेच्या पेटीत बसून क्रेन चालवतो.
ओळख भांडणातली. तुमची क्रेन आमच्या किरणात येते,
असं पत्र घेऊन मीच गेले होते.
त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं, चहा पाजला,
म्हणाला, आमच्या भद्रकला वीज
शेतातून माणूस उचलते, मॅडम, बैल ठेवते.

फोन लावला. काय दिसतंय?
"पूरब काला. नीचे सफेद झालर."
जमिनीला टेकलीय?
"नहीं. बीच में ही खतम."
उतर.
"एक बकेट बाकी है, काँक्रीट…"
राहू दे बकेट. ब्रेक सोड, क्रेन वाऱ्यावर मोकळी ठेव आणि उतर.

उतरायला त्याला बावीस मिनिटं लागतात.
माझ्या दोन फेऱ्या, वर थोडं.
पहिल्या फेरीत ढग पाचरीत शिरला.
दुसऱ्या फेरीत त्याचा माथा खचलेला,
उशीवर कोणी कोपर टेकवावं तसा.
मी कुर्ल्याला फोन लावला नाही.
पाण्याची बाटली उघडली, प्यायचं विसरले.

चार सत्तावीस. मेसेज:
"नीचे हूँ. यहाँ सूखा. सुपरवायझर हँसता है."

हसू दे. तो ढग तुर्भे ते शीव एवढ्यात संपला,
दोन थेंबही न टाकता. इशारा चुकला, असं लिहितील.
पण मेलेला ढग शेवटचा श्वास खाली सोडतो,
आणि तो पाचरीतून बाहेर आला माझ्याकडे:
पडद्यावर बारीक रेघ, पापणीच्या केसाएवढी.
गार वारा, धूळ, पुढे लोटलेले किडे.

आणि त्या रेघेमागे, परळवर,
एक एकटं लाल टिंब.
पुसलं गेलं नव्हतं, कारण हलत होतं.
रिकामी क्रेन आपला लांब हात घेऊन
आपणहून समुद्राकडे वळत होती.

एका फेरीपुरतंच.
वहीत लिहिलं: चार एकतीस, परळ, पाऊस नाही.
पेटीत कोणी नाही, हे लिहायला रकाना नव्हता.